शरद सहल : लेणे, उद्यान आणि पुष्परचना

(संस्थेच्या वार्षिक सभेत सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा आश्विन पौर्णिमेनंतर आपल्या संस्थेची सहल निघाली होती. कोल्हापूरचे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय, पुण्याचे पुणे–ओकायामा मैत्री उद्यान आणि कार्ल्याची लेणी आम्ही पाहिली. परत आल्यावर आपल्या विहारात जपानी पुष्परचनेचा, म्हणजे इकेबानाचा, एक दिवसाचा वर्ग घेतला. या सहलीचा वृत्तांत सभेपुढे ठेवावा असे कार्यकारिणीने सुचवले, म्हणून आम्ही उभे आहोत. पण नुसता वृत्तांत सांगून भागणार नाही. ही सहल काढावी की काढू नये, यावरून आपल्यात जो वाद झाला तोही सांगितला पाहिजे. तो वादच या सहलीचा खरा विषय होता, असे आज आम्हाला वाटते.

कार्यकारिणीच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला तेव्हा आपल्यातले एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. हे निवृत्त शिक्षक, आपण सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. ते म्हणाले, "वसतिगृहातल्या पोरांची फी भरायची आहे. दोन मुलींची पुस्तकं अजून घ्यायची आहेत. आणि आपण फुलं बघायला पुण्याला जायचं? बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं, फुलं माळा म्हणून नाही." बैठकीत शांतता पसरली. गुरुजींच्या बोलण्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. ज्यांनी आपल्या पगारातून वीस-वीस वर्षे मुलांच्या फिया भरल्या, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

शेवटी असे ठरले, की शिष्यवृत्ती निधीतला एक रुपयाही सहलीला लावायचा नाही. कमावत्या सभासदांनी आपापला खर्च करावा आणि प्रत्येकाने जमेल तसा एका विद्यार्थ्याचा भार उचलावा. गुरुजींनी दोन विद्यार्थ्यांचा उचलला आणि वर म्हणाले, "मी येतो. पण माझं मत बदललंय असं समजू नका." असे आम्ही निघालो.

सहलीसाठी हाच काळ का निवडला, तेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला भिक्खूंचा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. पावसात पिकांची आणि जीवजंतूंची हानी होऊ नये म्हणून तीन महिने एका जागी राहिलेला संघ या दिवसानंतर पुन्हा चारिकेला निघतो. पाऊस ओसरलेला असतो, वाटा सुकलेल्या असतात, ओढ्याला पाणी असते आणि बांधावर रानफुले असतात. आपल्याकडे प्रवासाला याहून चांगला ऋतू नाही. शरदात निघण्याची ही रीत अडीच हजार वर्षांची आहे.

पहिला मुक्काम घरचाच होता. परगावी जाण्याआधी आपल्या गावात काय आहे ते पाहावे, म्हणून सकाळी टाऊन हॉलच्या बागेत जमलो. आपल्यापैकी कितीतरी जण या बागेतल्या झाडांखाली बसून परीक्षेचा अभ्यास केलेले आहेत, पण वस्तुसंग्रहालयात पाऊल टाकलेले थोडेच निघाले. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ ते १९४६ या काळात जे खोदकाम झाले, त्यातल्या वस्तू येथे आहेत. समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथलीच. म्हणजे सातवाहनांच्या काळात पंचगंगेच्या काठचे हे गाव रोमशी होणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर होते. याच कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात एका स्तूपाच्या जागी दगडी करंडक सापडला आणि त्यावर ब्राह्मीत दात्याचे नाव कोरलेले होते. ही गोष्ट सांगितली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "म्हणजे आपल्या गावात बौद्ध १९५६ च्या आधीपण होते?" आम्ही म्हटले, "बाळ, दोन हजार वर्षांआधी होते." त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

संग्रहालयातल्या चित्रांपुढेही आम्ही बराच वेळ थांबलो. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या आश्रयाचे चित्रकार. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ ही त्यांची आवडती स्थळे. तेच पाणी, तेच झाड त्यांनी सकाळी वेगळे पाहिले, सांजेला वेगळे पाहिले. बाबूराव पेंटरांनी चित्रे काढली आणि याच गावात सिनेमाचा कॅमेराही तयार केला. माधवराव बागल मूळचे चित्रकार, पण हाताला चळवळ लागली. त्यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला तो पुतळा आपण रोज येताजाता पाहतो. तो घडवणारे हातही एका कलावंताचे होते, हे मात्र आपण विसरतो. चळवळीला चित्रकार, शिल्पकार, शाहीर लागतात. त्यांना वगळून चळवळीचा इतिहास लिहिता येणार नाही.

दुपारी गाडी पुण्याला निघाली. वाटेत साताऱ्यापर्यंत उसाची शेते दिसत होती आणि काही फडांना तुरे आले होते. गाडीत आमच्याबरोबर आक्का होत्या. त्यांची थोडी ओळख करून देतो. आक्कांनी उभे आयुष्य दुसऱ्यांच्या बागेत रोजगार केला. खुरपणी, पाणी पाजणे, वाफे करणे, गवत कापणे. सत्तरी ओलांडली तरी हाताची बोटे अजून मातीची ओळख सांगतात. त्या सहलीला का आल्या, असे एका मुलीने विचारले तर म्हणाल्या, "बाग लई बघितल्या गं. पण बघायला म्हणून कवा गेलेच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या उद्यानात गेलो. पुणे–ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचे मूळ नाव, पु. ल. देशपांडे उद्यान या नावाने ते लोकांना जास्त माहीत आहे. पुणे महानगरपालिकेने सुमारे दहा एकरांत हे उद्यान केले आहे. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची प्रसिद्ध बाग आहे, तिच्या धर्तीवर हे रचले आहे. आपल्याकडच्या बागेत मधोमध कारंजे आणि दोन्ही बाजूंना सारखे वाफे असतात. इथे तसे नाही. पाणी वळणावळणाने वाहते, वाट वळते, मध्ये लहान पूल येतो, मग उंचवटा येतो आणि वर उभे राहिले की सगळी बाग एकदम दिसते. तळ्यात रंगीत मासे फिरतात. दगड असे मांडले आहेत की ते कोणी आणून ठेवले असतील असे वाटू नये. फुलांची गर्दी जवळजवळ नाही. मुलांना पहिल्यांदा नवल वाटले. एकाने तर विचारले, "सर, बाग म्हणता, मग फुलं कुठायत?" त्याला आम्ही सांगितले, की इथे गवताचा उतार, पाणी, दगड आणि मोकळी जागा हीच फुले आहेत असे समज.

ओकायामाच्या मूळ बागेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याच्या हुकुमावरून १६८७ साली काम सुरू झाले आणि १७०० साली बाग पुरी झाली. जपानमधल्या तीन थोर बागांत तिची गणना होते. बाग सरदाराची होती. ठराविक दिवशी प्रजेला आत येऊ देत, पण ती सर्वांसाठी खुली झाली ती १८८४ साली. पुढे १९३४ च्या महापुरात तिची नासाडी झाली, १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. लोकांनी जुनी चित्रे आणि नकाशे काढले, त्यांवरून कोणता दगड कुठे होता ते पाहिले आणि बाग पुन्हा उभी केली. चित्रकाराने काढून ठेवले होते म्हणून बाग वाचली, हे कलेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

कोराकुएन या नावाचा अर्थ 'नंतरच्या सुखाची बाग'. त्यामागे एक जुना चिनी विचार आहे. राज्यकर्त्याने लोकांच्या आधी चिंता करावी आणि लोकांच्या नंतर सुख भोगावे. हे आम्ही सांगितले तेव्हा गुरुजी पुढे आले आणि म्हणाले, "बघा! मी काय म्हणत होतो? आधी फी, मग फुलं." सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण गुरुजींनी आम्हाला आमच्याच गोष्टीत पकडले होते.

पण तिथल्या एका बाकावर आक्का बसल्या होत्या. पाय लांब केलेले, हात मांडीवर. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग जवळ बसलेल्या मुलीला म्हणाल्या, "मी कामाला होते तिथं असली बाकडी होती. चाळीस वर्षं त्यांच्या भोवतीनं गवत काढलं. बसले न्हाई कवा. कुणी बस म्हणलं न्हाई, आन् मला बी सुचलं न्हाई." आक्का हे तक्रार म्हणून बोलल्या नव्हत्या, सहज बोलल्या होत्या. पण गुरुजींनी ते ऐकले आणि ते आक्कांच्या शेजारी जाऊन बसले.

मित्रहो, इथे आमच्या विचाराला वळण मिळाले. 'आधी चिंता, नंतर सुख' हा नियम राज्यकर्त्यासाठी केलेला आहे. ज्याच्या हाती सत्ता आणि संपत्ती आहे, त्याने थांबावे असे तो सांगतो. आपण मात्र तो नियम आपल्याच गरीब माणसाला लावतो. त्याला म्हणतो, आधी पोट, आधी फी, आधी घर आणि सौंदर्य नंतर. ते 'नंतर' त्याच्या आयुष्यात येतच नाही. आक्कांच्या आयुष्यात ते सत्तराव्या वर्षी आले, तेही योगायोगाने.

आपल्या समाजाला केवळ भाकरीपासून दूर ठेवले होते असे नाही. पाण्यापासून दूर ठेवले, रस्त्यापासून दूर ठेवले, बागेपासूनही दूर ठेवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते तहान लागली म्हणून गेले नव्हते. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून आपला हक्क आहे, हे सांगायला गेले होते. त्याआधी १९१९ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे ओळखले. सार्वजनिक तळे, सार्वजनिक विहीर, सार्वजनिक शाळा यांच्याच ओळीत सार्वजनिक बाग येते. कायद्याने फाटक केव्हाच उघडले आहे. आत जाऊन बाकावर बसायचे आहे हे मनाला सुचणे मात्र राहून गेले. ते शिकवणे हेही संस्थेचे काम आहे, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेबांचे उदाहरणही पाहा. इतक्या कामाच्या ओझ्यातही त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रकलेचे धडे घेतले. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र त्यांनी काढले, ते आपल्या घराघरांत आहे. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याचे नाव पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. शिक्षणाच्या जागेचे नाव वनावरून, हे आपल्या परंपरेला धरूनच आहे. तथागतांचा जन्म लुंबिनी वनात, पहिले प्रवचन मृगदायवनात, महापरिनिर्वाण शालवृक्षांच्या राईत. बिंबिसाराने वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन दिले, आम्रपालीने आपली आमराई दिली. संघाला मिळालेली पहिली दाने ही बागांचीच दाने आहेत.

ओकायामाचे आणि आपले आणखी एक नाते त्या बागेत मुलांना सांगितले. नागपूरला आयुष्य वाहिलेले आणि बुद्धगयेच्या महाबोधी महाविहाराच्या आंदोलनाचे नेतृत्व केलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचा जन्म १९३५ साली याच ओकायामा प्रांतात झाला. १९६० च्या दशकात ते भारतात आले आणि इथलेच झाले, पुढे भारताचे नागरिकही झाले. म्हणजे तिकडून बागेच्या आधी माणूस आला.

त्याच दिवशी दुपारनंतर आम्ही कार्ल्याला पोहोचलो. पायऱ्यांवर एकवीरा देवीच्या यात्रेकरूंची गर्दी होती. वर चैत्यगृहात पाऊल टाकले आणि मुलांचा गलका आपोआप थांबला. सुमारे एकशे चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फुटांच्या आसपास उंच असे हे लेणे भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर लाकडाच्या कमानी. त्या लाकडाला सुमारे दोन हजार वर्षे झाली. पाठीमागच्या मोठ्या कमानीतून आलेला उजेड स्तूपावर पडतो आणि दिवस कलतो तसा तो बदलत जातो.

आम्ही मुलांना भिंतींवरचे आणि खांबांवरचे लेख दाखवले. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, यवनांची नावे आहेत. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दरवाजाचे दान दिले आहे. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याचाही लेख आहे. तिकडे कोकणात कुडा लेण्यांत मालाकाराच्या, म्हणजे माळ्याच्या, दानाची नोंद आहे. आक्कांनी विचारले, "माळ्याचं नाव दगडावर?" आम्ही म्हटले, "होय आक्का, दगडावर." त्यांनी खांबाला हात लावून पाहिला. माळी, सुतार, गंधी यांच्या नावांना राजाच्या नावाशेजारी जागा देणारा हा धम्म आहे. कला ही फक्त श्रीमंतांची असती, तर ही लेणी झालीच नसती.

परतल्यावर पुढच्या रविवारी आपल्या विहारात पुष्परचनेचा वर्ग झाला. मुंबई-पुण्याकडे इकेबानाचे वर्ग आणि प्रदर्शने कित्येक वर्षे होतात. तिकडे शिकून आलेल्या एका भगिनींनी आपल्याला शिकवले. त्यांनी आधी इतिहास सांगितला. ही कला बुद्धमूर्तीपुढे फुले ठेवण्यातून निघाली. सहाव्या शतकात कोरियामार्गे धम्म जपानला पोहोचला, त्याबरोबर पुष्पपूजाही गेली. क्योतोच्या रोक्काकुदो विहारात तळ्याकाठच्या कुटीत राहणारे भिक्खू रोज फुले वाहत. तळ्याकाठची कुटी म्हणजे इकेनोबो आणि तेच पुढे या कलेच्या सर्वांत जुन्या घराण्याचे नाव झाले. १४६२ सालच्या एका रोजनिशीत सेंकेई नावाच्या भिक्खूच्या रचना पाहायला क्योतोचे लोक जमल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओहारा घराणे निघाले. त्यांनी पसरट भांड्यातली मोरिबाना रचना आणली. १९२७ साली सोगेत्सु घराणे स्थापन झाले. विद्यार्थ्यांपैकी काही मुलगे हे बायकांचे काम म्हणून मागे बसले होते. त्यांना त्यांनी सांगितले, की शेकडो वर्षे ही कला मुख्यतः भिक्खूंच्या आणि योद्ध्यांच्या हातात होती. मग ते मुलगे पुढे सरकले.

रीत साधी आहे. मुख्य तीन काड्या. सोगेत्सु पद्धतीत पहिली 'शिन', तिची लांबी भांड्याची रुंदी आणि खोली यांच्या बेरजेच्या दीडपट. दुसरी 'सोए', पहिलीच्या पाऊण. तिसरी 'हिकाए', दुसरीच्या पाऊण. आपली परात २८ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर खोल होती. बेरीज ३४. म्हणजे पहिली काडी ५१, दुसरी सुमारे ३८ आणि तिसरी २८ ते २९ सेंटिमीटर. पहिली जवळजवळ उभी, दुसरी ४५ अंशांत कललेली, तिसरी ७५ अंशांपर्यंत खाली वाकलेली. देठ पाण्यात बुडवून पाण्यातच कापायचा, म्हणजे देठात हवा शिरत नाही आणि फूल जास्त दिवस टिकते. काड्या उभ्या राहण्यासाठी खिळ्यांची जड बैठक लागते, तिला केनझान म्हणतात. विकत आणायची तर महाग. आपल्या उद्यमनगरात काम करणाऱ्या एका सभासदाने लोखंडी पट्टीवर खिळे जोडून चार बैठका तयार करून दिल्या आणि गंजू नयेत म्हणून रंगवल्या. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी केळीच्या खुंटाचा तुकडा वापरला, तोही चालला.

फुले आपल्याच शिवारातली होती. झेंडू, शेवंती, कर्दळ, लव्हाळा, बांबूची कोवळी फांदी. परात आणि गाडगी घरची. सुरुवातीला सर्वांनी भांडे गच्च भरले. शिकवणाऱ्या ताईंनी एकच सांगितले, "आता काढायला लागा." एकेक फूल काढले, पान खुडले, तसा उरलेल्या काडीचा आकार दिसू लागला. मोकळी जागाही रचनेचा भाग आहे, हे उद्यानात सांगितलेले मुलांना इथे हाताने कळले.

तेव्हा एका विद्यार्थिनीने चांगला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आपण कर्मकांड सोडलं म्हणतो. मग बुद्धापुढं फुलं ठेवणं हे कर्मकांड नाही का?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. आम्ही असे समजतो, की फूल देऊन काही मागितले तर ते कर्मकांड आहे. आपल्या पुष्पपूजेत मागणे नाही. हे फूल जसे कोमेजते तसा हा देहही जाणार आहे, हे स्वतःला आठवण करून देणे आहे. इकेबानात म्हणूनच उमललेल्या फुलाबरोबर कळीही घेतात आणि वाळकी काडीही घेतात. काल, आज आणि उद्या एका परातीत दिसतात. अनित्यतेचा पाठ पुस्तकातून कळतो, पण तीन दिवस तीच परात पाहिली की तो डोळ्यांना दिसतो. आणि भुंगा जसा फुलाला धक्का न लावता मध घेतो, तसे वागण्याचा उपदेश धम्मपदाच्या पुप्फवग्गात आहेच. म्हणून गरजेपुरतीच फुले तोडावीत, परातीत तीन असतील तर तीनच.

सर्वांत चांगली रचना कोणाची झाली, हे ठरवायचे नव्हते. पण सगळे दोन रचनांपुढे थांबत होते. एक आक्कांची. त्यांनी मोजपट्टी घेतली नाही. लव्हाळ्याची एक काडी, कर्दळीचे एक पान आणि एक शेवंती. कुठे कापायचे ते त्यांच्या हाताला माहीत होते. दुसरी गुरुजींची. त्यांनी रानातून उसाचा तुरा आणला होता. तो उंच उभा केला आणि पायथ्याशी झेंडूचे एकच फूल ठेवले. आम्ही विचारले, "गुरुजी, मत बदललं का?" ते म्हणाले, "नाही. फी आधीच. पण फीच्या नंतर म्हणजे किती नंतर, ते मी कधी ठरवलं नव्हतं. ते ठरवायला पाहिजे."

म्हणून सभेपुढे तीन गोष्टी ठेवतो. शिष्यवृत्ती निधीला हात न लावता, वर्गणीतून, दरवर्षी वर्षावासानंतर अशी एक सहल काढावी. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत आक्कांच्या देखरेखीखाली लहानशी बाग करावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एक रोप सांभाळावे. आणि त्या बागेत, झाडे मोठी होण्याची वाट न पाहता, एक बाकडे आधी ठेवावे. तिसरी सूचना गुरुजींची आहे आणि बाकड्याचा खर्चही तेच देणार आहेत.